दिव्याविना तारा

दिवाळीचा आकाशकंदील उतरवून, झटकून, माळ्यावर ठेवलात ना? आमच्या घरी मात्र गंमत उलटी. तुमचा कंदील वर गेला की आमच्या कामट्या खाली येतात! आमचा कंदील लागतो डिसेंबरात, आणि त्याला आम्ही कंदील म्हणत नाही. तारा म्हणतो.

मी राहते वसईला. तिथलीच आहे, आणि प्राथमिक शाळेत मुलांना शिकवते. वसईचा किल्ला तुम्ही इतिहासाच्या पुस्तकात वाचला असेल. 1739 साली चिमाजी अप्पांनी तो जिंकला. त्याआधी, 1534 पासून, म्हणजे दोनशे वर्षांहून जास्त काळ वसई पोर्तुगीजांकडे होती. त्या काळात इथली कितीतरी घरे ख्रिस्ती झाली. पोर्तुगीज गेले, पण घरे राहिली. त्यांची शेती तीच, केळीच्या बागा त्याच, आणि बोलणेही मराठीच. नाताळ हा शब्द तेवढा पोर्तुगीज भाषेतून आला. त्याचा अर्थ जन्म, जन्माचा दिवस. हसू नका हं, तुमच्या घरातही पोर्तुगीज शब्द बसलेले आहेत. पाव, बटाटा, काजू, चावी हे सगळे त्याच जहाजांतून उतरलेले पाहुणे!

तर आमचा तारा. मी लहान असताना तो करण्याचा मान आजोबांचा. बाजारात तयार तारे मिळत, पण आजोबा त्यांच्याकडे बघतसुद्धा नसत. बांबूची एक फोक ते कोयत्याने उभी चिरत, मग चाकूने एकेक कामटी तासून गुळगुळीत करत. सगळ्या कामट्या अगदी एका मापाच्या हव्यात. पाच कामट्या आडव्या-तिरप्या एकमेकींवर टाकून टोके बांधली की एक तारा होतो. असे दोन तारे करायचे, एकावर एक ठेवून पाचही टोके दोऱ्याने घट्ट आवळायची. आता हा झाला चपटा, पापडासारखा. त्याला पोट आणायचे कसे? आतल्या बाजूला जिथे कामट्या एकमेकींना ओलांडतात, अशा पाच जागा असतात. तिथे दोन ताऱ्यांच्या मध्ये वीतभर लांबीच्या पाच काड्या उभ्या अडकवायच्या. की फुगलाच तारा! मग मैद्याची खळ शिजवायची आणि पतंगाचा कागद चिकटवायचा. पाच टोके लाल, पोट पिवळे. एका बाजूला दिवा आत सोडण्यापुरती जागा मोकळी ठेवायची.

एखादे टोक वाकडे झाले तर आजोबा सगळा दोरा सोडत आणि पुन्हा बांधत. आम्ही कंटाळून जायचो. आजी म्हणायची, ‘‘अहो, वर टांगल्यावर कोण बघायला जातंय?’’ आजोबा नुसते चष्म्यावरून बघत.

ताराच का, हे माहीत आहे ना? येशूचा जन्म झाला तेव्हा पूर्वेकडचे काही ज्ञानी लोक एका ताऱ्याच्या मागोमाग बेथलेहेमला पोहोचले, अशी बायबलमध्ये गोष्ट आहे. आपण त्यांना ‘तीन राजे’ म्हणतो. पण बायबलात ते तीन होते असे कुठेच लिहिलेले नाही, बरं का! त्यांनी सोने, ऊद आणि गंधरस अशा तीन भेटी आणल्या, त्यावरून लोकांनी हिशेब केला.

ताऱ्याखाली अंगणात किंवा घरात एका कोपऱ्यात असतो गोठा. येशूला जन्मल्यावर गव्हाणीत ठेवले होते ना, म्हणून. असा देखावा मांडण्याची चाल पुष्कळ जुनी आहे. इटलीत ग्रेच्चो नावाचे एक डोंगरातले गाव आहे. तिथे 1223 साली संत फ्रान्सिस यांनी गवताने भरलेली गव्हाण, खरा बैल आणि खरे गाढव आणून लोकांना तो प्रसंग दाखवला. आमच्याकडे खरा बैल घरात कोण घेणार? आमची चित्रे प्लॅस्टरची. जोसेफचे नाक उडालेले, गाढवाचा एक कान गेलेला. मेंढपाळ तर दोनच उरले होते, म्हणून माझा धाकटा भाऊ शेजारच्या मुलांकडून दिवाळीच्या किल्ल्यावरचा एक मावळा मागून आणायचा. ढाल-तलवार घेऊन तो मेंढरे राखत उभा! आजोबांना ते चालायचे. म्हणायचे, ‘‘राहू दे, थंडीत राखणीला कुणीतरी तगडा माणूस हवाच.’’

किल्ल्यावरून आठवले. तुम्ही किल्ल्यावर अळीव किंवा मोहरी पेरता की नाही, हिरवळ दिसावी म्हणून? तसे आम्ही गोठ्यासाठी नाचणी पेरतो. नाताळच्या दहा-बारा दिवस आधी एका पसरट ताटात माती घालायची, रात्रभर भिजवलेली नाचणी दाट पसरायची, वरून मातीची अगदी पातळ दुलई, आणि रोज हाताने पाणी शिंपडायचे. ओतायचे नाही, दाणे वाहून जातात. तीन-चार दिवसांत टाचणीच्या टोकाएवढे कोंब दिसतात आणि नाताळपर्यंत बोटभर उंचीचे मऊ गवत तयार होते. ते ताट गोठ्यापुढे ठेवले की कुरणच!

काही घरी गोठ्यावर कापूस पसरतात, बर्फ म्हणून. मला आपले ते पटत नाही. परदेशी भेटकार्डांवर बर्फ असतो म्हणून आपल्याकडेही? वसईत कधी कुणी बर्फ पडलेला पाहिला आहे का? त्यापेक्षा नुकत्याच झालेल्या भातकापणीचा पेंढा छपरावर घातला की कसा छान वास येतो!

गव्हाण मात्र रिकामीच ठेवतात. बाळाची मूर्ती आजीच्या कपाटात, रुमालात गुंडाळलेली. चोवीस तारखेला मध्यरात्रीच्या मिस्साहून परत आल्यावर घरातल्या सगळ्यात लहान मुलाने ती गव्हाणीत ठेवायची, ही आमच्या घरची रीत. तोवर डोळे ताणून जागायचे.

शिवाय झाड हवे. सूचिपर्णी झाडे ही थंड डोंगराळ मुलखातली, ती वसईच्या खाऱ्या वाऱ्यात कुठली येणार? आमच्याकडे किनाऱ्याला सुरूची बने आहेत. पूर्वी लोक सुरूची एखादी फांदी आणून मातीने भरलेल्या डब्यात रोवत. ती सुरेख दिसायची, पण हे सुरू किनाऱ्याची वाळू धरून ठेवतात, समुद्राचा वारा अडवतात. म्हणून आजोबांनी फांदी तोडणे बंद केले आणि परसातल्या कुंडीतल्या क्रोटनलाच दिव्यांची माळ घालायला सुरुवात केली. पाहुणे हसायचे. हसू देत!

त्या माळेची एक खोड होती. एक दिवा गेला की सगळी माळ अंधारात. तुमच्यापैकी मोठ्या मुलांनी एकसर जोडणी शिकली असेल. त्या माळेतले सगळे दिवे एकापाठोपाठ एकाच रांगेत जोडलेले असतात, हात धरून उभ्या असलेल्या मुलांसारखे. एकाने हात सोडला की वीज पुढे जाणारच नाही. पण म्हणूनच ते दिवे इतके छोटे करता येतात. घरातली वीज 230 व्होल्टची. पन्नास दिव्यांची माळ असेल तर ते पन्नास जणांत वाटले जातात, प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम साडेचार! झाडाला विजेचे दिवे लावण्याची कल्पना पहिल्यांदा प्रत्यक्षात आणली ती एडिसनच्या एका सहकाऱ्याने, एडवर्ड जॉन्सनने, 1882 साली न्यूयॉर्कमध्ये. त्याच्या झाडावर लाल, पांढरे आणि निळे असे ऐंशी दिवे होते. त्याआधी लोक झाडावर चक्क पेटत्या मेणबत्त्या लावायचे. काय धाडस! (माळ दुरुस्त करताना आधी प्लग काढायचा. आणि हे काम मोठ्या माणसांचे, लक्षात ठेवा.)

सजावटीबद्दल एवढे बोलले, पण खरी धांदल स्वयंपाकघरात. डिसेंबरच्या मध्यापासून आजी, आई आणि काकू दुपारची जेवणे आटोपली की मैदा मळायला बसत. करंज्या तर तुम्हाला माहीतच आहेत. कुलकुल माहीत आहेत का? नारळाच्या दुधात मळलेल्या मैद्याची सुपारीएवढी गोळी काट्याच्या पाठीवर किंवा नव्या कोऱ्या फणीवर दाबून वळायची. तिच्यावर रेषा उमटतात आणि ती शिंपल्यासारखी दिसते. मग तळायची आणि साखरेच्या पाकात घोळायची. हे काम मुलांचे. दहा वळल्या की एक कच्चीच तोंडात! केकचे मिश्रण घरी फेटायचे आणि डबा डोक्यावर घेऊन गावातल्या बेकरीत भाजायला न्यायचा. सगळ्यांचे डबे सारखेच, मग ओळखायचे कसे? आमच्या डब्याच्या बुडाला आजोबांनी खिळ्याने ठोकून एक छोटा तारा काढून ठेवला होता. आजी केकमध्ये मनुकांबरोबर सुकेळीचे तुकडे घालायची. सुकेळी म्हणजे उन्हात वाळवलेली राजेळी केळी, वसईची खासियत.

आणि मग ताटे भरायची. एका ताटात दोन करंज्या, मूठभर कुलकुल, केकचा तुकडा, वर विणलेला रुमाल. ती शेजारीपाजारी पोहोचवायची. दिवाळीत त्यांच्याकडून चकल्या-अनारसे यायचे, नाताळात आमच्याकडून हे जायचे. ताट कधी रिकामे परत यायचे नाही. निदान साखर तरी असायचीच.

आता मी तुम्हाला 1999 सालचा नाताळ सांगते. मी तेव्हा चौथीत होते आणि भाऊ पाच वर्षांचा.

त्या वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस आजोबा गेले. चार दिवस ताप आला आणि पाचव्या दिवशी पहाटे गेले. घर एकदम मोठे आणि गप्प झाले. एरवी त्या दिवसांत अंगणात कामट्यांचा ढीग असे. आजी कुणाशी फार बोलत नव्हती. डिसेंबर लागला तेव्हा तिने एकदाच सांगितले, ‘‘यंदा तारा नाही, गोठा नाही, गोडधोड नाही. मिस्साला जाऊ आणि येऊ.’’

आमच्याकडे ही रीतच आहे. तुमच्याकडेही ज्या वर्षी घरात दुःख झाले असेल त्या वर्षी फराळ करत नाहीत ना? तसेच. मला ते कळत होते. पण खरे सांगू? मला रागही आला होता. आजोबांना सगळ्यात जास्त काय आवडायचे, तर तारा. मग तोच नको? हे मी कुणाला बोलले नाही. चौथीतल्या मुलीला असे बोलता येत नाही.

भाऊ तर लहानच. त्याला वाटले, आजी विसरली. आजी विसरली तर आपण करू! त्याने डब्यातून मूठभर नाचणी काढली, एका जुन्या ताटलीत अंगणातली माती भरली, आणि पेरली. कुणी रागावू नये म्हणून ताटली ठेवली कुठे? आजीच्याच खाटेखाली! रोज पाण्याच्या भांड्यात बोटे बुडवून गुपचूप शिंपडायचा. मला माहीत होते. मी सांगितले नाही.

आठवड्याभराने आजी केर काढताना केरसुणी ताटलीला लागली. तिने ती ओढून बाहेर काढली. नाचणी उगवली होती, चांगली लांब वाढली होती. पण सगळी पिवळी! फिक्कट, लुळी, एका अंगाला कललेली. भाऊ रडायलाच लागला. त्याला वाटले, मेली.

आजी ताटली हातात धरून बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, ‘‘मेली नाही रे. अंधारात होती, म्हणून.’’ तिने ती पूर्वेकडच्या खिडकीत नेऊन ठेवली. झाडाच्या पानांतला हिरवा रंग प्रकाश मिळाल्याशिवाय तयार होत नाही. बी आपल्या पोटातल्या शिदोरीवर काही दिवस वाढते, प्रकाश शोधत उंच उंच जाते, पण पिवळेच राहते. हे मला पुढे पुस्तकात कळले. तेव्हा एवढेच पाहिले की दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत टोके हिरवी झाली आणि तिसऱ्या दिवशी बरेचसे गवत हिरवेगार.

त्याच दिवशी आजीने आईला सांगितले, ‘‘पोराने पेरलंय, तर गोठा मांडा. लहानसा. दिव्यांची माळ नको.’’

मी लगेच विचारले, ‘‘आणि तारा?’’

आजी काहीच बोलली नाही. पण जेवणे झाल्यावर तिने बाबांना माळ्यावरचे एक गाठोडे काढायला लावले. गोणपाटात बांधलेल्या कामट्या होत्या. दहा लांब, पाच आखूड. सगळ्या तासून तयार. आजोबांनी आजारी पडण्याआधीच करून ठेवल्या होत्या.

बांधायच्या कशा, हे आम्हाला नीट येत नव्हते. इतकी वर्षे बघत होतो, पण बघणे वेगळे आणि करणे वेगळे. शेवटी शेजारचे काका आले. दर दिवाळीला ते घरीच आकाशकंदील करायचे, त्यांच्या हाताला सवय. ताऱ्याचा हिशेब त्यांनाही नवीन होता. दोन संध्याकाळी आम्ही तिघे दोरा बांधत आणि सोडत बसलो. कागद मी चिकटवला. एक टोक वाकडे झालेच. दुसऱ्यांदा सोडायचा धीर कुणालाच नव्हता.

आजीने तारा पाहिला आणि एवढेच म्हणाली, ‘‘लावा. पण आत दिवा सोडू नका. यंदा नाही.’’

तेवीस तारखेला शेजारच्या काकू आल्या. हातात झाकलेले ताट. तीन वर्षांपूर्वी त्यांचे सासरे वारले होते, तेव्हा त्यांच्या घरी दिवाळीचा फराळ झाला नव्हता. आजीने आपल्या हाताने करंज्या करून त्यांच्याकडे नेल्या होत्या. मी तेव्हा इतकी लहान की मला त्यातले काही आठवत नाही. काकूंना आठवत होते.

‘‘मावशी, मुलांपुरत्या आहेत. कुलकुलही करून बघितले. नीट वळले नाहीत,’’ काकू म्हणाल्या. खरेच, ते शिंपल्यापेक्षा गोगलगायीसारखे दिसत होते!

आजीने एक करंजी मोडली आणि खाल्ली. ‘‘बाय, खोबरं जरा जास्त भाजलंस,’’ ती म्हणाली. त्या महिन्यात ती पहिल्यांदाच असे पूर्वीसारखे बोलली. काकू हसल्या, आणि मग दोघीही डोळे पुसत बसल्या. आम्ही मुलांनी तेवढ्यात ताट निम्मे केले.

चोवीसच्या रात्री आम्ही मिस्साला गेलो. थंडी होती. परत आलो तेव्हा रस्त्यात घरोघरी तारे लागले होते, लाल, हिरवे, केशरी. आमचे अंगण तेवढे काळोखात. फाटक उघडताना बाबांच्या बॅटरीचा झोत वर गेला आणि तारा क्षणभर लालभडक उजळला. बाबांनी बॅटरी बाजूला घ्यायला हवी होती, पण ते तसेच थांबले.

आजी वर बघत म्हणाली, ‘‘खालचं टोक वाकडं आहे. ह्यांनी सोडून पुन्हा बांधलं असतं.’’

मग आत जाऊन भावाने रुमालातले बाळ काढून गव्हाणीत ठेवले. ठेवताना त्याची बाही लागून मावळा पडला. तो उभा केला आणि आम्ही झोपलो.

पुढच्या वर्षीपासून ताऱ्यात दिवा लागू लागला. आता आजीही नाही. आमच्या वाडीतल्या केळी जाऊन इमारती आल्या, भाऊ बोरिवलीला फ्लॅटमध्ये राहतो आणि त्याच्या गॅलरीत विकतचा प्लॅस्टिकचा तारा उघडझाप करतो. मी त्याला चिडवते. आमच्या घरी अजून कामट्यांचाच तारा. आत एलईडीचा दिवा असतो, तो फारसा तापत नाही, त्यामुळे कागद करपण्याची भीती गेली. आजोबांच्या कामट्या मात्र किडीने खाल्ल्या, त्यांचे माप घेऊन मी नव्या केल्या. दरवर्षी माझ्या वर्गातल्या मुलांनाही तारा बांधायला शिकवते. त्यातली बरीच मुले तो पुढे दिवाळीला लावतात. लावू देत की! कामट्यांना काय कळते?

करून बघणार असाल तर एकच सांगते. आखूड काड्या वीतभरापेक्षा मोठ्या घेऊ नका, पोट फार फुगते आणि कागद ताणून फाटतो. कामट्या तासायला बाबांना किंवा आजोबांना घ्या. नाचणी पेरलीत तर ताट उजेडात ठेवा.

सहा जानेवारीला तीन राजांचा सण असतो. तोवर आमचा गोठा मांडलेला असतो. राजांच्या मूर्ती आम्ही आधी लांब, दाराजवळच्या फळीवर ठेवतो आणि रोज थोड्या पुढे सरकवतो. सहा तारखेला ते एकदाचे पोहोचतात! दुसऱ्या दिवशी सगळे आवरायचे. मूर्ती कागदात गुंडाळायच्या, मावळा ज्याचा त्याला परत द्यायचा, पेंढा परसातल्या खड्ड्यात टाकायचा. आणि नाचणीचे ताट? ते शेजारच्या शेळीपुढे ठेवायचे. आख्खे कुरण ती दोन मिनिटांत संपवते आणि अजून आहे का म्हणून आमच्याकडे बघते.